स्वतः बांधलेले मानवरहित विमान : आराखड्यापासून चाचणी-उड्डाणांपर्यंत

विद्यार्थ्यांच्या गटाने स्वतः बांधलेले विमान पहिल्याच उड्डाणात कोसळते, तेव्हा त्याचे कारण बहुधा विमान उडण्याच्या कितीतरी आधी घडलेले असते. उलट्या दिशेने हलणारे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी हलती पट्टी), मागे सरकलेला गुरुत्वमध्य, अर्धवट बसलेला कनेक्टर किंवा लावायचा राहून गेलेला फेलसेफ (रेडिओ-संपर्क तुटल्यावर मोटर आपोआप बंद करणारी सोय) ही सगळी कारणे चांगल्या उजेडात, टेबलावर, घाई नसताना सापडण्यासारखी असतात. म्हणून या लेखात बांधणीपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न सोडवायचा, त्याचे उत्तर वहीत लिहायचे आणि मगच पुढचा टप्पा हाती घ्यायचा. राइट बंधूंनी हेच केले होते. १९०० ते १९०२ या काळात त्यांनी इंजिन नसलेली ग्लायडरे उडवून नियंत्रणाचा प्रश्न सोडवला, १९०१ मध्ये स्वतः बनवलेल्या वातबोगद्यात पंखांचे आकार तपासले, आणि त्यानंतरच १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ इंजिन लावलेले विमान उडवले.

पहिल्या प्रकल्पासाठी स्थिर पंखांचे, पुढे प्रोपेलर असलेले, विजेवर चालणारे आणि फोमपासून बांधलेले विमान निवडावे, असे माझे ठाम मत आहे. चार पंख्यांचा ड्रोन इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाशिवाय हवेत क्षणभरही स्थिर राहू शकत नाही, त्यामुळे त्याच्या बांधणीत वायुगतिकीपेक्षा सॉफ्टवेअरची जुळवाजुळव जास्त शिकायला मिळते. स्थिर पंखांचे विमान मात्र मोटर बंद पडली तरी तरंगत खाली येते, आणि त्याचे प्रत्येक वागणे आपण केलेल्या आकडेमोडीशी ताडून पाहता येते.

काम आणि वजन

विमानाने नेमके काय करायचे, हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय कागदावर एकही रेघ ओढू नये. या लेखात उदाहरणादाखल घेतलेले काम असे आहे : शंभर ग्रॅमचा कॅमेरा घेऊन एका मोकळ्या मैदानावर दहा मिनिटे उडायचे आणि ठरवलेल्या बिंदूंवरून स्वतःहून परत यायचे. या वाक्यातून वजन ठरते, वजनातून पंखाचे क्षेत्रफळ आणि क्षेत्रफळातून बाकी सगळे.

वजनाचा अंदाज सुरुवातीलाच, वस्तूगणिक मांडावा. तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सुमारे १८० ग्रॅम, मोटर ७०, वेगनियंत्रक ३०, चार छोटे सर्व्हो (पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या लहान मोटरी) ४०, रिसीव्हर १५, ऑटोपायलट आणि जीपीएस मिळून ८०, कॅमेरा १००, तारा, कनेक्टर व प्रोपेलर ६०, आणि फोम, कार्बन नळी व गोंद मिळून सांगाडा ५५० ग्रॅम. ही बेरीज ११२५ ग्रॅम होते. बांधताना वजन वाढतेच, हे गृहीत धरून आराखडा १.२ किलोचा करावा. प्रत्येक भाग हातात आला की तो वजनकाट्यावर ठेवून अंदाजाशेजारी खरा आकडा लिहावा. वजनाची शिस्त कुठवर नेता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे विमान. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी बाल्सा लाकडाचे, इंधनासह पाच किलोंपेक्षा कमी वजनाचे विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, अटलांटिक महासागर ओलांडून, सुमारे ३९ तासांत पोहोचवले होते.

आकडेमोड

पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.४ मीटर आणि रुंदी २२ सेंटिमीटर घेतली, तर क्षेत्रफळ ०.३०८ चौरस मीटर येते आणि प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३.९ किलो भार पडतो. शिकाऊ गटासाठी हा भार योग्य आहे. पंखाच्या छेदासाठी क्लार्क वाय हा जुना आकार घ्यावा. १९२२ मध्ये व्हर्जिनियस क्लार्क यांनी तयार केलेल्या या आकाराची खालची बाजू बऱ्याच भागात सपाट असते, त्यामुळे पंख टेबलावर ठेवून पीळ न पडू देता जोडता येतो.

यानंतर काढायचा सर्वात महत्त्वाचा आकडा म्हणजे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाचे वजन पेलू शकत नाही तो वेग. त्यासाठी न्यूटनमधील वजनाची दुप्पट करावी, तिला हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि उचलीचा कमाल गुणांक (पंखाचा आकार जास्तीत जास्त किती उचल देऊ शकतो ते दाखवणारा आकडा) या तिघांच्या गुणाकाराने भागावे आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ काढावे. वजन ११.८ न्यूटन, घनता १.२२५ आणि गुणांक १.१ धरला तर उत्तर सेकंदाला सुमारे ७.५ मीटर येते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा, कारण हाताने फेकण्यापासून उतरण्यापर्यंत प्रत्येक निर्णयात तो लागणार आहे. वजन १.४ किलोवर गेले तर हाच वेग ८.१ मीटर होतो. वाढलेले दोनशे ग्रॅम असे प्रत्येक उड्डाणात आणि प्रत्येक लँडिंगमध्ये मोजावे लागतात.

शेपटीचा आडवा पंख किती मोठा हवा, हे त्याच्या अंतरावर अवलंबून असते. त्याचे क्षेत्रफळ गुणिले मुख्य पंखापासूनचे अंतर, भागिले मुख्य पंखाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची रुंदी, हे गुणोत्तर ०.५ च्या आसपास ठेवावे. अंतर ६५ सेंटिमीटर असेल तर साधारण ४६ सेंटिमीटर लांब आणि साडेअकरा सेंटिमीटर रुंद आडवा पंख पुरतो. उभ्या पंखासाठी असेच गुणोत्तर, पण रुंदीऐवजी पंखाची पूर्ण लांबी घेऊन, ०.०४ ठेवले की क्षेत्रफळ सुमारे २६५ चौरस सेंटिमीटर येते. एलेरॉन असतील तर प्रत्येक पंखाचे टोक दोन-तीन अंशांनी वर उचललेले असावे, म्हणजे विमान आडवे झाल्यावर सरळ होण्याकडे त्याचा कल राहतो.

मोटर निवडताना दर किलो वजनामागे १५० ते २०० वॅट शक्ती धरावी. आपल्या विमानाला १८० ते २४० वॅट लागतील, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर साधारण १६ ते २२ अँपिअर. प्रति व्होल्ट मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांची मोटर आणि दहा इंच व्यासाचा, पाच इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर जितका पुढे सरकू पाहतो ते अंतर) प्रोपेलर या कामाला जुळतो. असा प्रोपेलर मिनिटाला ८००० फेरे घेत असेल तर पिचनुसार तो सेकंदाला १७ मीटरच्या आसपास पुढे सरकू पाहतो. हा वेग स्टॉलच्या वेगाच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून जोडी योग्य ठरते. केवळ ओढ किती ग्रॅम मिळते एवढेच पाहून मोठा आणि कमी पिचचा प्रोपेलर लावला, तर विमान जमिनीवर उभे असताना जोरदार वाटते पण हवेत वेग घेत नाही.

बांधणी

बांधणीबद्दल थोडक्यात तीन-चार गोष्टी सांगतो, कारण यातले कौशल्य हाताने करूनच येते. पॉलिस्टायरीन फोमवर साधा इन्स्टंट ग्लू लावला तर फोम विरघळतो. म्हणून फोमसाठीच बनवलेला गोंद किंवा इपॉक्सी वापरावे, आणि कोणताही नवा गोंद आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावा. तापलेल्या तारेने फोम कापताना धूर निघतो, तेव्हा हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा बाहेर करावे. पंखाच्या आत, पुढच्या कडेपासून सुमारे ३० टक्के अंतरावर, दोन्ही बाजूंना अखंड जाणारी आठ मिलिमीटरची कार्बन नळी बसवावी. वाकवणारा जोर पंख आणि धड जिथे जोडले जातात तिथे सर्वाधिक असतो, त्यामुळे नेमका तिथेच नळीचा जोड येता कामा नये.

कोनांकडे बारकाईने लक्ष द्यावे. मुख्य पंख आडव्या शेपटीच्या तुलनेत दोन अंशांनी वर झुकलेला असावा. मोटर दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे वळवून बसवावी, कारण मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर विमानाला डावीकडे कलवतो. पंख पूर्ण झाल्यावर तो सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे मोजावेत. एका बाजूला पीळ राहिला असेल तर स्टॉलच्या वेळी ते विमान दरवेळी त्याच बाजूला कोसळू पाहील. सर्व्होचा हात मध्यस्थितीत जोडदांड्याशी काटकोनात असावा, आणि एलिव्हेटरची (आडव्या शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची) मागची कड बोटाने हलवली तर ती एक मिलिमीटरपेक्षा जास्त सैल हलता कामा नये.

बॅटरी आणि वीज

तीन सेलच्या लिपो बॅटरीचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर १२.६ असतो, म्हणजे प्रत्येक सेलचा ४.२. उड्डाणानंतर स्थिर स्थितीत तो प्रत्येक सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली गेलेला नसावा, आणि काही दिवस वापर नसेल तर बॅटरी ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरने, बॅलन्स जोडणीसह (जिच्यामुळे सगळे सेल सारखे भरतात) भरावी. चार्जिंग चालू असताना कोणीतरी तिथे बसून असलेच पाहिजे. फुगलेली, टोचली गेलेली किंवा आपटलेली बॅटरी वाचवण्याचा मोह धरू नये. बॅटरीवर छापलेला विद्युतप्रवाहाचा आकडा थोडा फुगवलेला असतो असे धरून त्याच्या निम्म्यावरच आराखडा आखावा.

रिसीव्हर आणि सर्व्हो यांना वेगनियंत्रकातून मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या पुरवठ्याकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. चारही सर्व्हो एकाच वेळी जोरात हलवले आणि पुरवठा खाली आला, तर रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि हवेत तो क्षण पुरेसा घातक असतो. म्हणून मल्टिमीटर लावून, हातातल्या ट्रान्समीटरच्या दोन्ही कांड्या गोल फिरवत, हा व्होल्टेज टेबलावरच पाहावा.

जमिनीवरच्या चाचण्या

या टप्प्याला बांधणीइतकाच वेळ द्यावा. बांधणी लांबल्यामुळे चाचण्यांचे दिवस कापले जातात, असे बहुतेक गटांत घडते. तसे होऊ लागले तर उड्डाणाचा दिवस पुढे ढकलावा, चाचण्या कमी करू नयेत.

पहिली चाचणी पंखाच्या ताकदीची. विमान उलटे करून धडाच्या मध्यावर टेकवावे आणि पंखांवर वाळूच्या लहान पिशव्या मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी अशा पसरून ठेवाव्यात. एकूण भार विमानाच्या वजनाच्या चौपट, म्हणजे सुमारे ४.८ किलो असावा. एवढा भार का, असे विचारले जाते. उंची न गमावता ६० अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो, त्यात वाऱ्याचा झोत किंवा सूर मारून वर येताना पडणारा ताण मिळवला आणि वर थोडी राखीव ताकद ठेवली की आपण चौपटीच्या जवळ पोहोचतो. भार ठेवताना करकर ऐकू आली, किंवा भार काढल्यावर पंख मूळ जागी परतला नाही, तर पंख दुरुस्त करून चाचणी पुन्हा घ्यावी.

दुसरी चाचणी गुरुत्वमध्याची. बॅटरी, ऑटोपायलट, कॅमेरा असे सगळे साहित्य जिथे उडताना असणार तिथेच ठेवून, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५.५ आणि ६.६ सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या २५ आणि ३० टक्क्यांवर, दोन्ही पंखांखाली खुणा कराव्यात. त्या खुणांवर बोटांची टोके ठेवून विमान उचलले असता ते आडवे राहिले पाहिजे. पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य पुढच्या खुणेजवळ ठेवावा. नाक थोडे जड असलेले विमान आळशी वाटते, पण सावरता येते. शेपटीकडे जड असलेले विमान प्रत्येक लहान हालचालीला वाढवत नेते आणि अनुभवी हातांतूनही निसटते. गुरुत्वमध्य जुळवण्यासाठी शिशाचे वजन चिकटवण्याआधी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहावी, आणि तिची अंतिम जागा शाईने आखून ठेवावी.

तिसरी चाचणी नियंत्रणाच्या दिशांची, आणि ती प्रोपेलर काढूनच करायची. विमानाच्या मागे उभे राहावे. कांडी उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली गेले पाहिजे. एलिव्हेटरची कांडी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर, आणि रडरची (उभ्या पंखावरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्टीची) कांडी उजवीकडे नेली की रडर उजवीकडे. एकाने कांडी हलवावी, दुसऱ्याने जे दिसते ते मोठ्याने सांगावे आणि तिसऱ्याने ते लिहून घ्यावे. पुढून पाहणाऱ्याची उजवी-डावी उलट होते, म्हणून ही तपासणी समोरून कधीही करू नये. सर्व्होची तार काढून पुन्हा लावली, रेडिओमधील मॉडेल बदलले किंवा दुरुस्ती झाली, की ही चाचणी नव्याने करावी.

त्यानंतर फेलसेफ. प्रोपेलर काढलेला असताना मोटर मध्यम वेगाने चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करावा. मोटर एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे. ती चालूच राहिली, तर संपर्क तुटलेले विमान बॅटरी संपेपर्यंत कुठेही जाऊ शकते, आणि अशा विमानाला मैदानावर आणण्याचा अधिकार गटाला नाही. रेडिओचा पल्ला तपासताना ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणी-स्थितीत ठेवून विमानापासून तीस मीटर दूर जावे आणि मोटर बंद व चालू अशा दोन्ही वेळी सर्व्हो न अडखळता हलतात का ते पाहावे.

शेवटी, विमान घट्ट बांधून आणि सगळ्यांना प्रोपेलरच्या मागे उभे करून, वॉटमीटरसह मोटर दहा सेकंद पूर्ण जोरात चालवावी. मीटरवरचा प्रवाह मोटर आणि वेगनियंत्रक या दोघांच्या मर्यादेत असला पाहिजे. तो जास्त असेल तर प्रोपेलर लहान घ्यावा. प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे त्याच्या बाजूला, कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेले पाते त्याच दिशेला उडते.

परवानगी, जागा आणि माणसे

साहित्य विकत घेण्यापूर्वीच आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचे नियम वाचावेत. अनेक देशांत जमिनीपासून १२० मीटरची उंचीमर्यादा असते, विमान सतत नजरेच्या टप्प्यात ठेवावे लागते, विमानतळाच्या परिसरात उड्डाणाला बंदी असते आणि ठरावीक वजनापुढे नोंदणी करावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही सीमा २५० ग्रॅम आहे. ऑटोपायलट लावलेले विमान आणि हाताने उडवायचे मॉडेल यांना काही ठिकाणी वेगवेगळे नियम लागू होतात. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगीही घ्यावी. मैदान मऊ गवताचे, वाऱ्याच्या दिशेने लांब आणि ज्याच्या भोवती रस्ता, वस्ती किंवा विजेच्या तारा नाहीत असे असावे.

मैदानावर चार भूमिका ठरलेल्या असाव्यात : वैमानिक, विमान फेकणारा, आकाशाकडे आणि परिसराकडे लक्ष ठेवणारा निरीक्षक, आणि चाचणीपत्रक हातात घेऊन वेळ व निरीक्षणे नोंदवणारा. चौघांपैकी कोणीही, कारण न सांगता, उड्डाण रद्द करू शकतो आणि त्यावर मैदानात वाद घालायचा नाही, हे आधीच ठरवावे. ज्याने कधीच विमान उडवलेले नाही त्याने नव्या, न तपासलेल्या विमानाचे पहिले उड्डाण करू नये. सिम्युलेटरवर आणि नंतर तयार शिकाऊ विमानावर हात बसवावा, किंवा पहिल्या उड्डाणासाठी अनुभवी मॉडेल-वैमानिकाला बोलवावे.

पहिले उड्डाण

वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात, पण लहान फांद्या हलत नाहीत, इथपर्यंतचा वारा पहिल्या उड्डाणाला चालतो. ब्यूफोर्ट मापश्रेणीत ही दुसरी पायरी आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ३.३ मीटरपर्यंत. सकाळची वेळ सहसा बरी असते, कारण जमीन तापून वर जाणारे झोत अजून सुरू झालेले नसतात.

हाताने फेकण्याचे गणित सोपे आहे. विमानाला हवेच्या तुलनेत ७.५ मीटरपेक्षा जास्त वेग हवा. समोरून ३ मीटरचा वारा असेल तर फेकणाऱ्याने आणि मोटरने मिळून उरलेले ४.५ मीटर द्यायचे असतात, आणि चार पावले धावत केलेली सपाट फेक एवढे सहज देते. वाऱ्याकडे पाठ करून फेकले तर हाच आकडा १०.५ मीटर होतो. विमान पंख समांतर आणि नाक क्षितिजाशी जवळपास सरळ ठेवून भाल्यासारखे फेकावे. वर फेकलेले विमान वेग हरवते आणि फेकणाऱ्याच्या समोरच स्टॉल होते. वैमानिकाने स्वतः फेकू नये, त्याचे दोन्ही हात कांड्यांवर हवेत. “तयार”, “मोटर”, “सोड” असे तीन शब्द ठरवून घ्यावेत आणि तिसरा शब्द ऐकल्याशिवाय हात सुटता कामा नये.

विमान सुटल्यावर मोटरचा जोर कमी न करता, लहान लहान सुधारणा करीत, सरळ वाऱ्यात साठ मीटरपर्यंत चढावे. तिथे निम्म्या जोरावर आडवे उडत ट्रिम जुळवावेत, म्हणजे कांड्या मोकळ्या सोडल्या तरी विमान सरळ जाईल. मग मोठी, उथळ वळणे घ्यावीत. पहिल्या उड्डाणात एवढेच करायचे. पाच मिनिटांचा गजर लावावा, वीस मीटर उंचीवरून उतरण्याची दोनदा तालीम करावी आणि तिसऱ्या वेळी उतरावे. उतरतानाचा वेग स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.३ पट, म्हणजे सेकंदाला दहा मीटरच्या आसपास असावा.

वाऱ्याबरोबर उडताना नवशिक्याची नजर फसते, हे इथेच सांगितले पाहिजे. पाच मीटरच्या वाऱ्यात दहा मीटर वेगाने उडणारे विमान वाऱ्याविरुद्ध जाताना जमिनीवरून पाच मीटर वेगाचे दिसते आणि वाऱ्याबरोबर जाताना पंधराचे. ते फार वेगात चालले आहे असे वाटून वैमानिक जोर कमी करतो, नाक वर उचलतो आणि वळायला लागतो. पंखाला मात्र हवेचा वेग हवा असतो, जमिनीचा नव्हे. त्यातच ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात विमाने पडतात ती बहुतेक अशी.

पुढची चाचणी-उड्डाणे

प्रत्येक उड्डाणाला एकच प्रश्न आणि दोन उड्डाणांमध्ये एकच बदल, हा नियम कसोशीने पाळावा. गुरुत्वमध्य आणि मोटरचा कोन एकाच वेळी बदलले आणि विमान सुधारले, तर कशामुळे सुधारले ते कधीच कळत नाही.

स्टॉलची चाचणी साठ मीटरपेक्षा जास्त उंचीवर, वाऱ्यात तोंड करून घ्यावी. मोटर बंद करावी, एलिव्हेटर हळूहळू ओढत राहावे आणि काय घडते ते निरीक्षकाने नोंदवावे. नाक सरळ खाली पडले तर पंख उत्तम आहे. एकच पंख पडत असेल तर पीळ पुन्हा मोजावा. सावरण्यासाठी आधी एलिव्हेटर सोडावे, वेग येऊ द्यावा, मग पंख समांतर करून हळूच वर यावे. या सगळ्यात किती उंची गेली, ते लिहावे, कारण यापुढे तेवढ्या उंचीच्या आत हळू उडायचे नाही.

गुरुत्वमध्याची हवेतली चाचणी वेगळी आहे. ट्रिम केलेले विमान तीस-चाळीस अंश खाली वळवून कांडी मोकळी सोडावी. ते झटक्याने वर आले तर नाक जड आहे. सूर आणखी तीव्र होत गेला तर शेपूट जड आहे, ताबडतोब सावरावे आणि उतरावे. हळूहळू स्वतःहून आडवे झाले तर गुरुत्वमध्य योग्य जागी आहे.

उड्डाणाचा कालावधी अंदाजाने ठरवू नये. पाच मिनिटांच्या उड्डाणानंतर बॅटरी भरताना चार्जरने ६०० मिलिअँपिअर-तास परत घातले, तर मिनिटाला १२० खर्च झाले. बॅटरीच्या ८० टक्के, म्हणजे १७६० वापरायचे ठरवले तर चौदा-साडेचौदा मिनिटे मिळतात. गजर अकरा मिनिटांचा लावावा, म्हणजे उतरणे चुकले तर पुन्हा फेरी मारायला वीज शिल्लक राहील.

ऑटोपायलट

स्विट्झर्लंडमधील ईटीएच झुरिक येथील विद्यार्थी-प्रकल्पातून पिक्सहॉक या ऑटोपायलट-नियंत्रकाची सुरुवात झाली. आज त्याच्या जातीच्या नियंत्रकांवर आर्डूपायलट आणि पीएक्स४ ही दोन्ही मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरे चालतात. ऑटोपायलट पहिल्या उड्डाणापासून विमानात असावा, पण केवळ नोंदी घेण्यासाठी. नियंत्रण पूर्णपणे हातातच ठेवावे. स्वतःहून नीट न उडणारे विमान ऑटोपायलट सुधारत नाही, त्याचे दोष तो काही काळ झाकतो.

होकायंत्र बॅटरीच्या जाड तारांपासून दूर बसवावे, कारण वीस अँपिअरच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र त्याला चकवते. ये-जा करणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळाव्यात, प्रोपेलर संतुलित करावा आणि नियंत्रक मऊ पट्टीवर बसवावा. मग एक महत्त्वाची तपासणी करावी. प्रोपेलर काढून, स्वयंस्थिरतेचा मोड लावून, विमान हातात धरून उजवीकडे कलवावे. उजवे एलेरॉन खाली गेले पाहिजे, कारण विमानाला पुन्हा सरळ करायचे आहे. नाक खाली केले तर एलिव्हेटर वर गेले पाहिजे. कांडीची दिशा बरोबर असूनही ही दिशा उलटी असू शकते, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्यात.

हवेत हा मोड पहिल्यांदा लावायचा तो उंचीवर, विमान ट्रिममध्ये असताना, आणि अंगठा हस्तनियंत्रणाच्या स्विचवर ठेवून. मोड लावताच विमान कलू लागले तर कारण शोधत बसू नये, तत्काळ हस्तनियंत्रणात यावे. हा टप्पा नीट पार पडल्यावर स्वयंचलित ट्यूनिंग, त्यानंतर घरी परतण्याचा मोड आणि शेवटी बिंदूंचा मार्ग, हा क्रम मोडू नये. परतण्याची उंची आसपासच्या सर्वात उंच झाडापेक्षा जास्त आणि कायद्याच्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, ते पाहावे, आणि जीपीएसने घराची जागा बरोबर नोंदवल्याचे नकाशावर पाहिल्याशिवाय विमान फेकू नये. मार्ग आखताना वळणाची त्रिज्या मोजावी : सेकंदाला १४ मीटर वेगाने ३० अंश कलून वळणाऱ्या विमानाला सुमारे ३५ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे सत्तर मीटरपेक्षा जवळचे समांतर पट्टे ते एका सलग वळणात गाठू शकत नाही.

विमान पडलेच, तर आधी ट्रान्समीटरवरून मोटर बंद असल्याची खात्री करावी, मग जवळ जाऊन बॅटरी काढावी आणि ती मोकळ्या जागी, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवून लक्ष ठेवावे. आपटलेली लिपो बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते. तुकडे उचलण्यापूर्वी ते जसे पडले तसे छायाचित्र घ्यावे आणि नोंदींची फाईल त्याच दिवशी उतरवून घ्यावी. फाईलमध्ये वैमानिकाने दिलेला आदेश, सर्व्होला गेलेला आदेश आणि विमानाची प्रत्यक्ष स्थिती या तीन रेषा एकाखाली एक लावल्या, की त्या नेमक्या कोणत्या क्षणी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या ते दिसते. दुरुस्तीनंतरचे उड्डाण पहिले उड्डाण मानावे. ताकद, गुरुत्वमध्य, दिशा, फेलसेफ आणि पल्ला या तपासण्या पुन्हा कराव्यात आणि चाचणीपत्रकाचे नवे पान उघडावे.